बांधावा, विकत घ्यावा की भागीदार शोधावा?

२००४ च्या जानेवारीत पुण्याच्या मुंढव्यातील भारत फोर्जने जर्मनीतल्या एनेपेटालची कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी ताब्यात घेतली. रूरच्या दक्षिणेचा तो पट्टा पिढ्यान्‌पिढ्या लोखंड घडवत आलेला. ही जुनी कंपनी मात्र तेव्हा दिवाळखोरीत निघाली होती. या खरेदीमुळे भारत फोर्ज आपल्या धंद्यात जर्मनीच्याच थायसेनक्रुपच्या खालोखाल जगात दुसऱ्या क्रमांकावर गेली. पुढच्या दोनेक वर्षांत जर्मनीतच ॲल्युमिनियम फोर्जिंगचा कारखाना, अमेरिकेत मिशिगन राज्यात एक, स्वीडन आणि स्कॉटलंडमध्ये मिळून दोन, आणि चीनमध्ये तिथल्या सरकारी वाहन कंपनीबरोबर भागीदारी, एवढा पसारा वाढला. पुण्याला त्याचे अप्रूप वाटले आणि ते रास्तच होते. ज्या देशांकडून आपण यंत्रे, नकाशे आणि परवाने आणत आलो, तिथले कारखाने आता मुंढव्यातून चालणार होते.

वीस वर्षांनंतर त्याच यादीकडे पाहिले तर चित्र बरेच बदललेले दिसते. अमेरिकेतला तो कारखाना २००८ च्या मंदीनंतर बंद झाला. चीनमधला वाटा विकला गेला. २०२५ मध्ये कंपनीने आपल्या युरोपातील पोलाद-फोर्जिंगच्या कारखान्यांचाच फेरविचार सुरू असल्याचे जाहीर केले. आणि तरीही हीच कंपनी या काळात कितीतरी पटींनी मोठी झाली, तोफा बनवू लागली आणि आज देशातल्या देशात कारखाने विकत घेत आहे. मग कंपनी वाढली ती त्या खरेद्यांमुळे, की त्या खरेद्या असूनही?

हा प्रश्न एका कंपनीपुरता नाही. उत्पादन करणाऱ्या कंपनीने स्वतः कारखाने बांधून वाढावे, दुसऱ्याचे विकत घ्यावेत की भागीदार शोधावा, यावर उद्योजक, बँका, कामगार संघटना आणि व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक गेली कित्येक वर्षे वेगवेगळी उत्तरे देत आले आहेत. पुणे परिसरात या तिन्ही वाटांची, त्यांच्या यशाची आणि फसगतीची उदाहरणे हाताशी आहेत. म्हणून हा आढावा मुख्यतः पुण्याच्या यंत्रोद्योगाच्या आधारे घेतला आहे.

परवान्यांचा आणि कोलॅबोरेशनचा काळ

जुन्या पुण्याच्या कारखानदारीत 'कोलॅबोरेशन' हा शब्द घरोघरी माहीत होता. त्याला कारण होते. १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर उत्पादनक्षमता वाढवायची तर परवाना लागे, परकी चलन तुटपुंजे होते आणि तंत्रज्ञान परदेशात होते. अशा वेळी दुसरी कंपनी विकत घेऊन वाढण्याचा विचारही फारसा कोणी करत नसे. वाढीचा मार्ग एकच: परदेशी कंपनीशी करार करायचा, तिचे नकाशे आणायचे आणि काही वर्षांत ते काम आपल्या हातांनी करायला शिकायचे.

पुढे टाटा मोटर्स झालेल्या टेल्कोचा जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १९५४ साली झालेला करार पंधरा वर्षांचा होता. तो संपला तेव्हा कंपनी स्वतःच्या बळावर ट्रक बनवत होती. पिंपरीचा कारखाना उभारताना कंपनीची सूत्रे सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी गाड्यांच्या आधी यंत्रे, डाय आणि साचे बनवणारा विभाग आणि कामगार-प्रशिक्षण उभे केले, ही गोष्ट पुण्यातल्या जुन्या तंत्रज्ञांच्या तोंडून आजही ऐकू येते. करार संपल्यावरही डाइमलरने टाटांच्या कंपनीतले भाग ठेवले. शेवटचे विकले ते थेट २०१० मध्ये.

किर्लोस्करांनी १९६२ मध्ये अमेरिकेच्या कमिन्सबरोबर कोथरूडला डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. तो परवाना-करारापुरता नव्हता, भांडवलातली खरी भागीदारी होती. ती साडेतीन दशके टिकली. १९९७ मध्ये किर्लोस्करांनी आपला वाटा सोडला आणि कंपनी 'कमिन्स इंडिया' झाली. बजाजची इटलीच्या पियाजिओशी असलेली भागीदारी १९७१ मध्ये संपली आणि आकुर्डीतून 'चेतक' निघाली. पुढे दोघांत अमेरिकेत खटलाही चालला. १९८४ मध्ये बजाजने कावासाकीशी हात मिळवला आणि मोटरसायकल शिकून घेतली. ते नाते २०१७ पर्यंत चालले.

या तीन कथांमध्ये एक सूत्र समान आहे. भागीदारी शिकण्यासाठी होती, आणि शिकून झाल्यावर किंवा सरकारी नियम सैल झाल्यावर कोणी तरी एक बाजूला झाले. १९७३ च्या परकी चलन कायद्याने परदेशी कंपनीचा वाटा सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांवर आणला, त्यामुळे देशी भागीदाराला बळ मिळाले. १९९१ नंतर ते बळ ओसरू लागले. तेव्हा सरकारने १९९८ मध्ये 'प्रेस नोट १८' काढली: ज्या परदेशी कंपनीचा भारतात आधीच संयुक्त प्रकल्प आहे, तिला त्याच क्षेत्रात वेगळा उद्योग काढायचा तर जुन्या भागीदाराची हरकत नसल्याचे दाखवावे लागेल. देशी उद्योजकांना ते संरक्षण वाटले, परदेशी कंपन्यांना ओलीस ठेवल्यासारखे. २००५ मध्ये ती अट सैल झाली आणि २०११ मध्ये पूर्ण गेली.

विकत घेण्याचे दशक

भारत फोर्जची गोष्ट इथे थोडी मागून सांगायला हवी. नीलकंठराव कल्याणींनी १९६१ मध्ये कंपनी स्थापन केली. शंतनुराव किर्लोस्करांच्या सूचनेवरून ते फोर्जिंगकडे वळले असे सांगितले जाते. त्यांचे पुत्र बाबा कल्याणी १९७२ मध्ये कंपनीत आले. तेव्हाचे फोर्जिंग म्हणजे हॅमर शॉप: तापलेला लोखंडी ठोकळा चिमट्याने धरायचा आणि हातोड्याखाली फिरवत राहायचा. अंगमेहनत प्रचंड, आवाज कान बधिर करणारा आणि प्रत्येक नगाची अचूकता कारागिराच्या हातावर अवलंबून. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने जर्मनीच्या वाइनगार्टनकडून १६,००० टन ताकदीची यांत्रिक प्रेस आणली आणि तिच्याभोवती स्वयंचलित लाइन उभी केली. कंपनीच्या तेव्हाच्या आकाराच्या मानाने ही गुंतवणूक अवाढव्य होती. प्रेस चालवायला हळूहळू पदविकाधारक आणि अभियंते घेतले गेले. त्या एका निर्णयाने क्रँकशाफ्ट आणि फ्रंट ॲक्सल बीम जगातल्या कोणत्याही ट्रक कंपनीला विकता येतील अशा दर्जाचे निघू लागले. ही वाढ बांधून झालेली होती, विकत घेऊन नव्हे. पुढचे सगळे समजून घेताना हा क्रम लक्षात ठेवावा लागतो: आधी हातात कसब आले, मग खरेदी सुरू झाली.

खरेदीची दारे सरकारने त्याच सुमारास उघडली. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने भारतीय कंपन्यांना आपल्या निव्वळ मूल्याइतकी परदेशी गुंतवणूक वेगळी मंजुरी न घेता करण्याची मुभा दिली, आणि २००७ अखेर ही मर्यादा ४०० टक्क्यांपर्यंत नेली. परकीय चलनाचा साठा भरलेला, कर्ज स्वस्त आणि युरोपातले मध्यम आकाराचे कारखाने वारस नाहीत किंवा नफा नाही म्हणून विक्रीला आलेले. किर्लोस्कर ब्रदर्सने २००३ मध्येच ब्रिटनची एसपीपी पंप्स घेतली होती. महिंद्र समूहाने चाकणचा एक फोर्जिंग कारखाना घेऊन पाया घातला आणि २००६–०७ मध्ये ब्रिटनची स्टोक्स, जर्मनीच्या येको आणि शोनवाइस या कंपन्या घेतल्या. पुण्याच्या सुझलॉनने २००६ मध्ये बेल्जियमची हॅन्सन ही पवनचक्क्यांचे गिअरबॉक्स बनवणारी कंपनी आणि २००७ मध्ये जर्मनीची रिपॉवर मिळवली. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये १४.५ टक्के वाटा घेतला. टाटांची कोरस (२००७, सुमारे १२ अब्ज डॉलर) आणि जग्वार लँड रोव्हर (२००८, २.३ अब्ज डॉलर) या खरेद्या सर्वांनाच आठवतात.

खरेदीच्या बाजूने काय म्हटले जाते

या वाटेचे समर्थन करणारे तीन मुद्दे मांडतात. त्यांतला पहिला ग्राहकांचा. ट्रक बनवणारी मोठी युरोपीय कंपनी नव्या पुरवठादाराचा क्रँकशाफ्ट तपासायला वर्षानुवर्षे घेते. नमुने, चाचण्या, इंजिनावरचे प्रयोग, पुन्हा नमुने. जो कारखाना आधीच पुरवठा करतो आहे तो विकत घेतला, तर ती सगळी रांग टळते. दारावर कंपनीचे नाव बदलते, आतला पुरवठादार क्रमांक तोच राहतो.

दुसरा मुद्दा भारत फोर्जने 'ड्युअल शोअर' या नावाने मांडला. प्रत्येक महत्त्वाचा भाग निदान दोन ठिकाणी बनवता यावा: एक ग्राहकाच्या जवळ, एक कमी खर्चाच्या जागी. ग्राहकाला पुरवठा तुटण्याची भीती नाही आणि कंपनीला जिथे परवडेल तिथे काम हलवण्याची सोय. युरोपात नव्या भागाची घडण आणि पहिली तुकडी, मग स्थिर झालेले मोठे काम मुंढव्याला, असे ते गणित होते. २०२५ मध्ये अमेरिकेने आयात वाहन-भागांवर मोठे शुल्क लावले आणि २०२६ च्या सुरुवातीपासून युरोपीय संघाची कार्बन-कर व्यवस्था लोखंड-पोलादावर प्रत्यक्ष लागू झाली. त्यामुळे या युक्तिवादाला पुन्हा धार आली आहे. शुल्काच्या भिंतीआड आपला कारखाना असणे याला आज वेगळी किंमत आहे.

तिसरा मुद्दा ज्ञानाचा. धातुशास्त्र, डायची रचना, गुणवत्तेची कागदपत्रे, जुने अनुभव हे सगळे चालत्या कारखान्यासोबत येते. पुस्तकातून येत नाही. प्रशांत काळे, हरबीर सिंग आणि आनंद रामन यांनी २००९ मध्ये मांडले, की भारतासारख्या देशांतल्या कंपन्या विकत घेतलेल्या कंपनीला लगेच आपल्यात विरघळवत नाहीत. तिचे व्यवस्थापन, नाव आणि रीत राखून भागीदारासारखे वागवतात आणि त्यामुळे ते ज्ञान टिकते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुब्बी आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात २००० ते २००७ मधल्या भारतीय कंपन्यांच्या परदेशी खरेद्या तपासल्या होत्या. अशी खरेदी जाहीर झाल्यावर शेअर बाजाराने खरेदीदार कंपनीचे मूल्य सरासरीने वाढवल्याचे त्यात दिसले. पाश्चात्त्य कंपन्यांवरच्या बहुतेक अभ्यासांत खरेदीदाराच्या पदरात सरासरी फारसे काही पडत नाही, म्हणून हा निष्कर्ष वेगळा ठरतो. तो घोषणेच्या दिवसांपुरता आहे, हे मात्र विसरू नये. २००७ मध्ये टाळ्या वाजवणारा बाजार २००९ मध्ये कुठे होता, हे आपण पाहिले आहे.

आक्षेप आणि त्यांची उदाहरणे

विरोधी बाजूचा सर्वांत जुना आक्षेप अहंकाराचा. रिचर्ड रोल यांनी १९८६ मध्ये म्हटले, की लिलावात जिंकणारा बहुधा जास्त किंमत मोजतो, कारण आपणच हा कारखाना नीट चालवू अशी त्याची खात्री असते. कर्ज काढून घेतलेल्या खरेदीत ही चूक जिवावर बेतते. किंमत एकदाच ठरते, व्याज दर तिमाहीला द्यावे लागते, आणि ट्रकचा बाजार दर काही वर्षांनी कोसळतोच.

सुझलॉनचे उदाहरण या बाबतीत सर्वांत शिकण्यासारखे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली ही कंपनी दहा वर्षांत जगातल्या मोठ्या पवनचक्की उत्पादकांत गेली. कमी होते ते मोठ्या, समुद्रात उभ्या करता येणाऱ्या यंत्रांचे तंत्रज्ञान. ते रिपॉवरकडे होते. अरेव्हा या फ्रेंच कंपनीशी चढाओढ करून सुझलॉनने रिपॉवर मिळवली. व्यवहार सुमारे १.३ अब्ज युरोंचा. पण जर्मन कायद्यात छोट्या भागधारकांचे हक्क भक्कम असतात. सगळे भाग हाती येईपर्यंत रिपॉवरचे तंत्रज्ञान मूळ कंपनीला मोकळेपणाने वापरता येईना. शंभर टक्के ताबा यायला २०११ उजाडले. तोवर मंदी आली, काही चक्क्यांच्या पात्यांना तडे गेल्याने ग्राहक बिथरले आणि कर्ज वाढत गेले. हॅन्सन विकावी लागली. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे २० कोटी डॉलरचे परकी चलनातले रोखे फेडता आले नाहीत. २०१५ मध्ये रिपॉवर, तेव्हाचे नाव सेनव्हिऑन, सुमारे एक अब्ज युरोंना विकली गेली. तीच सेनव्हिऑन २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. सुझलॉन मात्र कर्जातून बाहेर आली आणि आज पुन्हा उभी आहे, मुख्यतः भारतातल्या बाजारावर.

या कथेचा अर्थ लावताना दोन मते आहेत. एक म्हणते, सुझलॉनची चूक कर्जाची आणि वेळेची; खरेदीची कल्पना योग्यच होती. दुसरे म्हणते, जे आपल्याकडे मुळीच नाही ते विकत घ्यायला गेले की विक्रेत्याच्या आणि परक्या कायद्याच्या हातात आपली मान जाते. मला दुसरे मत अधिक पटते. पण जग्वार लँड रोव्हर त्याच्या आड येते. टाटांकडे महागड्या गाड्यांचे ज्ञान नव्हते. खरेदीनंतरची पहिली दोन वर्षे जीवघेणी गेली, आणि तरी पुढे अनेक वर्षे तीच कंपनी टाटा मोटर्सचा आधार बनली. २०१९ ची 'हॅरियर' लँड रोव्हरच्या मूळ रचनेवर बेतून पिंपरीत बनली. म्हणजे ज्ञान वाहू शकते. त्याला जवळजवळ एक तप आणि मागे उभा असलेला मोठा समूह लागला. मध्यम आकाराच्या कंपनीला इतका श्वास कोण देणार?

दुसरा आक्षेप कारखान्याच्या मजल्यावरचा. दिवाळखोरीतून घेतलेला कारखाना स्वस्त का मिळाला, याचे उत्तर त्याच्या जमाखर्चात असते: पगार, वीज, पेन्शनची देणी, जुनी यंत्रे. मालक बदलल्याने यांतले काही बदलत नाही. जर्मनीत कामगार समितीशी बोलल्याशिवाय माणसे कमी करता येत नाहीत, आणि पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसतात. काम मुंढव्याला हलवण्याचे 'ड्युअल शोअर'चे गणित त्या टेबलावर नोकऱ्या जाण्याचे गणित ठरते. महिंद्रांनी २०१३ मध्ये आपला वाहन-भागांचा उद्योग स्पेनच्या सीआयई ऑटोमोटिव्हकडे सोपवला, म्हणजे युरोपातले कारखाने चालवण्याचा कस युरोपीय कंपनीवरच टाकला. पुढे त्या कंपनीनेही जर्मनीतले फोर्जिंग कारखाने विकून टाकले. ॲमटेक ऑटोने युरोपात एकामागून एक कारखाने घेतले आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरी न्यायाधिकरणाकडे पाठवायला सांगितलेल्या पहिल्या बारा मोठ्या कर्जखात्यांत तिचे नाव आले. तीन वेगळ्या समूहांना युरोपातल्या वाहन-भागांच्या कारखान्यांनी दमवले, तेव्हा दोष केवळ एखाद्या व्यवस्थापनाचा म्हणता येत नाही.

याउलट एसपीपी पंप्स वीस वर्षांनंतरही किर्लोस्करांकडे आहे. खरेदी लहान होती, पंप हा धंदा किर्लोस्करवाडीपासून मुरलेला होता आणि आगीच्या पंपांसारख्या खास मालाची बाजारपेठ सोबत आली. अशा व्यवहारांची बातमी होत नाही. मला वाटते, खरेदीच्या वाटेचे खरे मूल्यमापन यांच्याकडे पाहून व्हायला हवे.

भागीदारीचे आयुष्य

जॉइंट व्हेंचरबद्दल जोएल ब्लीक आणि डेव्हिड अर्न्स्ट यांनी १९९५ मध्ये मांडलेला निष्कर्ष अजून उद्धृत होतो: भागीदारीचे मध्यक आयुष्य सुमारे सात वर्षे, आणि दहातल्या आठ भागीदाऱ्यांचा शेवट एकाने दुसऱ्याचा वाटा घेण्यात होतो. पुण्याचा अनुभव याहून फार वेगळा नाही. किर्लोस्कर–कमिन्स आणि बजाज–कावासाकी तीन दशकांहून जास्त टिकल्या हा अपवाद.

२००८ नंतरच्या वीज-भागीदाऱ्या मात्र लवकर कोमेजल्या. देशात सुपरक्रिटिकल वीजप्रकल्पांची लाट येणार, आयात करण्यापेक्षा इथेच बॉयलर आणि टर्बाइन बनवा, असे सरकारी धोरण होते. थरमॅक्सने अमेरिकेच्या बॅबकॉक अँड विलकॉक्सबरोबर शिरवळजवळ बॉयलरचा मोठा कारखाना बांधला. भारत फोर्जने फ्रान्सच्या अल्स्टॉमबरोबर टर्बाइनची आणि एनटीपीसीबरोबर वीजकेंद्रांच्या अवजड भागांची भागीदारी केली. मग कोळसा-वाटपाचे वाद, रखडलेले प्रकल्प आणि स्वस्त होत गेलेली सौर वीज यांनी मागणी आटली. २०१५ मध्ये अल्स्टॉमचा वीज-व्यवसाय जीईने घेतला, म्हणजे भारत फोर्जचा भागीदार पुण्यात कोणालाही न विचारताच बदलला. एनटीपीसीबरोबरची कंपनी अखेर गुंडाळली गेली. थरमॅक्सने २०१८ मध्ये अमेरिकी भागीदाराचा ४९ टक्के वाटा घेतला आणि शिरवळचा कारखाना आपल्या इतर कामांना जोडला. इथे भागीदार भांडले नव्हते. ज्या बाजारासाठी ते एकत्र आले तो बाजारच आला नाही.

संरक्षण-क्षेत्रात वेगळा प्रयोग दिसतो. भारत फोर्जच्या कल्याणी समूहाने स्वित्झर्लंडच्या रुआगचा तोफ बनवण्याचा कारखाना यंत्रांसकट विकत घेऊन पुण्याला आणला. इस्रायलच्या राफाएलबरोबर ५१:४९ भागीदारीतून हैदराबादला क्षेपणास्त्रांच्या भागांचा कारखाना २०१७ मध्ये सुरू झाला. सर्वांत लक्षवेधी भागीदारी मात्र परदेशी नाही. १५५ मिलिमीटरची 'एटॅग्ज' तोफ पाषाणच्या एआरडीई या सरकारी प्रयोगशाळेने भारत फोर्ज आणि टाटांच्या कंपनीला बरोबर घेऊन विकसित केली. २०२५ च्या मार्चमध्ये संरक्षण मंत्रालयाने या दोन कंपन्यांशी तोफा आणि त्या ओढणारी वाहने यांसाठी सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार केले. मोठा हिस्सा भारत फोर्जकडे आला. पाषाण आणि मुंढवा यांच्यात काही किलोमीटरचे अंतर आहे. करारापर्यंत पोचायला दशकाहून अधिक काळ गेला. यात शिकणे दोन्ही बाजूंनी झाले, आणि भागीदार उद्या तिसऱ्याला विकला जाण्याची भीती नाही. त्याची दुसरी बाजू अशी, की मुख्य ग्राहक एकच आहे आणि त्याच्या निर्णयाला लागणारा वेळ कंपनीच्या हातात नाही.

भागीदारीतून खरेदीकडे सावकाश जाण्याचा रस्ता बजाज–केटीएमने दाखवला. आधी अल्प वाटा, मग चाकणला केटीएमच्या लहान मोटरसायकली बनवणे, हळूहळू वाटा वाढवणे. चाकणहून या गाड्या जगभर गेल्या. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केटीएम कर्जापायी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा बजाजने एकंदर ८० कोटी युरोंचा निधी उभा केला आणि २०२५ मध्ये नियंत्रण आपल्याकडे घेतले. सतरा वर्षे आतून पाहिलेली कंपनी विकत घेणे हे लिलावातल्या खरेदीहून निराळे आहे. यातून फायदा होईल की पैसा अडकेल, हे सांगायला अजून वेळ आहे. पण खरेदीदाराला माल माहीत होता, एवढे नक्की.

आता देशातच

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेनंतर खरेदीचा रोख देशाकडे वळला. भारत फोर्जने २०२१ मध्ये वडोदऱ्याजवळची संघवी फोर्जिंग न्यायाधिकरणामार्फत घेतली, २०२२ मध्ये कोइमतूरची जे. एस. ऑटोकास्ट ही फाउंड्री, आणि २०२४–२५ मध्ये अमेरिकन ॲक्सल कंपनीचा भारतातला व्यापारी वाहनांच्या ॲक्सलचा उद्योग. या खरेद्यांत भाषा, कायदा आणि ग्राहक ओळखीचे आहेत, आणि फोर्जिंगकडून कास्टिंगकडे, सुट्या भागाकडून पूर्ण ॲक्सलकडे जाण्याचा धागा स्पष्ट आहे. अमेरिकेतही कंपनी दोन्ही रीतींनी परतली: २०१६ मध्ये टेनेसीतला एक फोर्जिंग कारखाना घेऊन, आणि नंतर नॉर्थ कॅरोलायनात ॲल्युमिनियमचा नवा कारखाना स्वतः बांधून.

जे सुटलेले नाही

पहिला न सुटलेला प्रश्न मोजमापाचा आहे. अलीकडच्या काही वर्षांत भारत फोर्जचा सर्व उपकंपन्यांसह एकत्रित नफा एकट्या भारतीय कंपनीच्या नफ्यापेक्षा कमी राहिला आहे. यावरून परदेशी खरेद्या तोट्याच्या असे म्हणणे सोपे आहे. पण युरोपातल्या कारखान्यामुळे जो ग्राहक जोडला गेला आणि ज्याचे काम आज मुंढव्यात होते, त्याचा नफा कोणत्या खात्यात दिसतो? अर्थात भारतीय कंपनीच्या. समर्थक आणि विरोधक एकाच ताळेबंदातून उलट निष्कर्ष काढतात, आणि दोघांनाही खोडून काढता येत नाही.

दुसरा प्रश्न भोसरी–चाकणच्या छोट्या कारखानदारांचा. मोठी कंपनी जगभर पसरली की तिच्या व्हेंडरला निर्यातीचे जॉबवर्क मिळते, हे खरे. पण काम कुठल्या देशात करायचे हा पर्याय कंपनीला मिळाला, तो भावासाठी घासाघीस करताना व्हेंडरच्या विरोधात वापरला जातो का, यावर गंभीर अभ्यास मराठीत तर नाहीच, इंग्रजीतही विरळा. प्रेस लाइनवर अभियंते आले तेव्हा हॅमर शॉपचा कामगार कुठे गेला, कंत्राटी कामगारांचे प्रमाण का वाढले, हेही या वाढीच्या हिशेबात यायला हवे आणि येत नाही.

तिसरा प्रश्न विजेवर चालणाऱ्या वाहनांचा. त्यांना क्रँकशाफ्ट लागत नाही. ज्या क्षमतेसाठी दोन दशके कारखाने गोळा केले, तिचा मोठा भाग उद्या किती कामाचा राहील? ॲल्युमिनियम, संरक्षण, विमान-भाग, ॲक्सल या दिशा त्याच भीतीतून आणि त्याच तयारीतून आल्या आहेत. छोट्या विद्युत-वाहन कंपन्यांत वाटा घेण्याचे अनेकांचे प्रयोग अजून फळाला आलेले नाहीत.

उपलब्ध पुरावा पाहून माझे मत असे झाले आहे: ज्या कंपनीला ते काम आधीच उत्तम येत होते आणि जिने लहान, ओळखीच्या किंवा दीर्घकाळ आतून पाहिलेल्या कंपन्या घेतल्या, तिला खरेदीने हात दिला. ज्ञानाची उणीव कर्ज काढून भरून काढायला निघालेल्या बहुतेकांना ती महागात पडली. हे मत पक्के करायचे किंवा खोडायचे, तर आज मिळते त्याहून जास्त माहिती हवी. आपल्यापैकी अनेकांनी पुण्याच्या या कंपन्यांचे शेअर घेतले आहेत, वार्षिक अहवाल घरी किंवा मोबाइलवर येतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत प्रत्येकाने एवढे तरी विचारावे: गेल्या वीस वर्षांत विकत घेतलेल्या प्रत्येक कारखान्यात किती रक्कम घातली, किती परत आली आणि तिथून कोणते काम इथे आले, याचा वेगळा तक्ता छापाल का?